रेडिएटरमध्ये बुडबुडे: एअर लॉक की गेलेलं हेड गॅस्केट?

गाडी तापते म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत बुडबुडे दिसले, की निकाल तयारच असतो: "हेड गॅस्केट गेलं," म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील फाटलं. उलट चूकही तितकीच होते. गॅस्केट खरंच गेलेलं असतं आणि मालक "हवा राहिली असेल, निघेल हळूहळू" म्हणत कुलंट ओतत राहतो. दोन्हींत बुडबुडे येतात, तापमानाचा काटा एकदम वर चढतो, हीटर मध्येच गार हवा फेकतो. नुसती लक्षणं जुळवून काही ठरत नाही.

गॅस्केटबद्दल फार सांगायची गरज नाही. सिलिंडर आणि कुलंटची वाट यांच्यामध्ये ते फाटलं की जळलेला गॅस कुलंटमध्ये घुसतो. एअर लॉकमध्ये मात्र काही तुटलेलं नसतं. कुलंट, होज किंवा वॉटर पंप बदलताना शिरलेली हवा एखाद्या उंच जागी अडकते, तिथे कुलंट पोचत नाही आणि तेवढा भाग तापतो. टेंपरेचर सेन्सर नेमका त्या हवेत सापडला, तर इंजिन भाजून निघत असताना काटा निवांत खाली बसलेला असू शकतो.

म्हणून पहिला प्रश्न बुडबुड्यांचा नाहीच. कूलिंग सिस्टिम शेवटची कधी उघडली होती? काल काम झालं आणि आज गाडी तापली, तर आधी हवेवर संशय घ्या. वर्षभर कुणी हात लावला नसेल तर हवा आली कुठून? बाहेर गळती असेल, नाहीतर गॅस आत येत असेल.

आता खरा फरक. अडकलेली हवा मोजकी असते, एकदा निघाली की संपते. गॅस इंजिन चालू आहे तोवर येतच राहतो.

हे पाहायचं ते इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो रात्रभर उभ्या गाडीवर. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. आतला दाब साधारण 1 बार असतो आणि कुलंट 100 अंशांच्या वर असू शकतं. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं. झाकण काढा, कुलंट काठोकाठ भरा, हीटर गरमवर ठेवा, इंजिन चालू करा. हवा असेल तर थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत, म्हणजे कुलंट 80-90 अंशांवर जाईपर्यंत, फारसं काही घडत नाही. मग मोठे, अनियमित बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, वरून भरलं की थोड्या वेळात सगळं शांत होतं. गॅस असेल तर बारीक बुडबुडे एका लयीत येत राहतात, बऱ्याचदा इंजिन गार असल्यापासूनच. रेस दिली की वाढतात, आणि कितीही वेळ थांबलात तरी थांबत नाहीत.

रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबून निदान करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. गरम इंजिनचा होज कडक असणारच, त्यासाठीच तर झाकण दाबाचं असतं. अर्थ आहे तो दोनच वेळा: झाकण बंद ठेवून गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच होज कडक झाला, किंवा रात्रभर गाडी उभी राहूनही सकाळी तो कडकच राहिला, तर आत गॅस आहे.

ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट लोण्यासारखा थर आणि थंडीतला पांढरा धूर यांवरून हेड उतरवणाऱ्यांना तर हात जोडावेत. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो थर नुसत्या दमटपणाने जमतो. शिवाय गॅस्केट फक्त सिलिंडर आणि कुलंट यांच्यामध्ये फाटलं असेल तर ऑइल अगदी स्वच्छ राहतं.

तरी शंका उरली तर निळ्या द्रावणाची चाचणी करा. कुलंटवरची हवा त्यातून ओढतात. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड नगण्य, म्हणून द्रावण निळंच राहतं. जळलेला गॅस असेल तर ते पिवळं पडतं. मात्र ओढताना कुलंटचा थेंबही आत जाऊ देऊ नका, चाचणी वाया जाते. नुसत्या कॉम्प्रेशन टेस्टवर (सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीवर) मी विसंबणार नाही, बारीक फट तिच्यातून सहज सुटते.

बुडबुडे हवेचे निघाले तर ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तिथून उरलीसुरली हवा काढा, कुलंट भरायच्या तोंडाची बाजू उंचावर ठेवून सावकाश भरा, आणि पुढचे काही दिवस गार इंजिनवर पातळी बघा. "थर्मोस्टॅटच काढून टाका" हा सल्ला मात्र ऐकू नका. आणि एअर लॉक घेऊन गाडी दामटलीत तर तापून ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट खरंच जातं.

द्रावण पिवळं पडलं तरी डिझेल गाडीत हेडला हात लावण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कुलंटने गार करणारा भाग) तपासून घ्या. तो आतून फुटला तरी धुरातला गॅस कुलंटमध्ये जातो आणि चाचणी तेच उत्तर देते.