चाकातल्या सेन्सरवर गाडीने विश्वास का ठेवावा?

अनेक नव्या मोटारींच्या चाकात, हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, एक छोटी डबी बसवलेली असते. तिच्यात दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर, एक रेडिओ आणि बॅटरी. फिरत्या चाकाला वायर जोडणं अवघड, म्हणून गाडी चालू असताना ही डबी मिनिट-दीड मिनिटाने रेडिओलहरींवर संदेश सोडते: माझा क्रमांक अमुक, दाब इतका, तापमान इतकं. हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. (काही गाड्या चाकाच्या वेगावरूनच हवेचा अंदाज बांधतात. त्यांच्या चाकात ही डबी नसते.)

ही सोय फार मोठी किंमत मोजून आली. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर फुटून अमेरिकेत दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यानंतर 2000 साली तिथे कायदा झाला आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत टायरच्या हवेची सूचना सक्तीची झाली. आपल्याकडेही 2020 साली नियम बदलले: ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनी ठेवण्यातून सूट मिळाली. म्हणजे या दिव्यावर आता आपली बरीच भिस्त आहे.

2010 मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे संदेश ऐकून पाहिले. त्या संदेशांना कुलूप, म्हणजे मजकूर लपवणारी किंवा खरेपणा पटवणारी सोय, असं नव्हतंच. साधा ॲम्प्लिफायर जोडला की 40 मीटरवरून संदेश वाचता येत होते. मग त्यांनी खोटे संदेश पाठवले. टायर ठणठणीत असताना शेजारून धावणाऱ्या गाडीतून दुसऱ्या गाडीचा दिवा लावून दाखवला, तोही हायवेच्या वेगात. खरा सेन्सर मिनिटातून एकदा बोलतो, यांनी सेकंदाला 40 संदेश सोडले, तरी गाडीला शंका आली नाही. प्रयोगांच्या ओघात टायरचे संदेश घेणारं युनिट कायमचं बंद पडलं आणि बदलून घ्यावं लागलं.

या वाटेने कुणी ब्रेक दाबले नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. गाडीच्या मुख्य यंत्रणेपर्यंत दुरून पोचता येतं हे 2015 साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी मोबाइल नेटवर्कमार्फत जीप चेरोकीवर दाखवलं, आणि कंपनीला सुमारे 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पण खोटा दिवाही निरुपद्रवी नाही. रात्री निर्जन रस्त्यावर तो लागला तर बहुतेक माणसं गाडी बाजूला घेऊन खाली उतरतील.

मला जास्त काळजी वाटते ती त्या क्रमांकाची. प्रत्येक सेन्सरचा क्रमांक वेगळा आणि तो सहसा बदलत नाही. रस्त्याच्या कडेला रिसीव्हर ठेवला तर कोणती गाडी कधी गेली याची नोंद ठेवता येते. नंबर प्लेट निदान सगळ्यांना दिसते. चाकातून क्रमांक जातोय हे मालकाच्या गावीही नसतं. शिवाय त्या क्रमांकावरून खरा सेन्सर कोणता हे सिद्ध होत नाही. टायरच्या दुकानात जुन्या सेन्सरचा क्रमांक नव्यात उतरवून देणारं यंत्र असतं, गाडीला बदल कळतही नाही.

मग संदेशाला कुलूप का लावत नाहीत? बॅटरी डबीत पक्की बसवलेली, ती वर्षानुवर्षं पुरवायची, म्हणून संदेश आखूड ठेवावा लागतो. पण खरी अडचण किल्लीची आहे. सेन्सर आणि गाडी यांच्यात गुप्त किल्ली, म्हणजे दोघांनाच ठाऊक असलेला आकडा, ठरवली, तर चाक बदलताना ती नव्या सेन्सरला कोण देणार? प्रत्येक टायरवाल्याला दिली तर ती गुप्त कसली? आणि फक्त कंपनीकडे ठेवली तर चाक बदलायलाही अधिकृत सर्व्हिस सेंटरच गाठावं लागेल.

गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या की हा पेच आणखी घट्ट होतो. या पद्धतीत प्रत्येक गाडी आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला 10 वेळा जाहीर करते. रस्त्याकडेचा एखादा लॅपटॉप पन्नास गाड्या असल्याचं सोंग आणून नसलेला ट्रॅफिक जॅम उभा करू शकतो. म्हणून संदेशावर डिजिटल सही हवी. पण सही एकच राहिली, तर पुन्हा माग काढणं सोपं. अमेरिकेत आखलेल्या योजनेत यावर सुंदर तोड आहे: गाडीला सही खरी असल्याची ग्वाही देणारी, पण मालकाची ओळख न सांगणारी अनेक टोपणनावी प्रमाणपत्रं द्यायची आणि ती सतत बदलत वापरायची. कोणती प्रमाणपत्रं एकाच गाडीची, हे कुठल्याही एका कार्यालयाला एकट्याने कळत नाही. एखादी गाडी खोटं बोलताना सापडली, तरच या कार्यालयांनी मिळून तिची प्रमाणपत्रं हुडकायची, रद्द करायची आणि ती यादी बाकी सगळ्या गाड्यांना कळवायची. नेटवर्क नसलेल्या घाटातल्या गाडीपर्यंतही ती यादी वेळेत पोचायला हवी, आणि सगळ्यांत अवघड भाग तोच आहे.