आरोग्यसेवेच्या वापराची स्वकथित माहिती

‘गेल्या बारा महिन्यांत आपण किती वेळा डॉक्टरांकडे गेलात?’ आरोग्य सर्वेक्षणांतील या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर केवळ आठवणीवर बेतलेले असते. ते प्रत्यक्ष वापराशी कितपत जुळते, यावर अशा माहितीची अचूकता ठरते.

शस्त्रक्रिया, बाळंतपण, रुग्णालयातला मुक्काम सहसा लक्षात राहतो. सर्दी-तापासाठी मारलेली फेरी विस्मरणात जाते. म्हणून अनेक सर्वेक्षणांत रुग्णालयात दाखल होण्याविषयी वर्षभराचे, तर बाह्यरुग्ण भेटींविषयी दोनच आठवड्यांचे विचारतात. इतक्या थोड्या दिवसांत मोजक्याच लोकांना डॉक्टरांची गरज पडते, त्यामुळे नमुना मोठा घ्यावा लागतो.

विस्मरणाच्या उलट दिशेची चूक म्हणजे टेलिस्कोपिंग. यात जुनी घटना अलीकडची वाटते आणि विचारलेल्या मुदतीबाहेरची भेटही मोजली जाते. संख्याशास्त्रज्ञ जॉन नेटर आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी 1964 मध्ये घरखर्चाच्या सर्वेक्षणांत हा दोष दाखवला. आधीच्या मुलाखतीत सांगितलेल्या घटना पुढच्या मुलाखतीतून वगळणे हा त्यावरचा उपाय. कर्करोगाच्या चाळणी-तपासण्यांबाबत (लक्षणे नसतानाही केलेल्या तपासण्या, म्हणजे स्क्रीनिंग) हा दोष वारंवार आढळतो. मानसिक उपचारांबाबत मात्र संकोचामुळे लोक गप्प राहतात.

सगळे सारखेच विसरत असते, तर एकूण आकडे कमी आले तरी गटागटांतील तुलना बरीचशी टिकली असती. तसे होत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. वारंवार डॉक्टरांकडे जाणारे फेऱ्या मोजत नाहीत. अंदाजाने आणि बहुधा कमीच सांगतात. घरातल्या एकानेच सर्वांच्या वतीने उत्तरे दिली, की आणखी भेटी निसटतात. दिल्लीतील 1621 व्यक्तींच्या अभ्यासात (प्रकाशन 2012) अर्थशास्त्रज्ञ जिष्णू दास आणि सहकाऱ्यांना आढळले, की आठवड्याचे विचारल्यास गरीब लोक श्रीमंतांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरांकडे जाताना दिसतात आणि महिन्याचे विचारल्यास कमी वेळा. केवळ मुदत बदलल्याने विषमतेचे चित्रच उलटले. असे आकडे धोरणासाठी वापरताना स्मरणाची मुदत न सांगणे ही गंभीर चूक आहे.

पडताळणीसाठी उत्तरे रुग्णालयाच्या दप्तराशी किंवा विम्याच्या दाव्यांशी ताडून पाहतात. पण तो दाखलाही पूर्ण नसतो: विम्याबाहेर, स्वतःच्या पैशाने घेतलेले उपचार दाव्यांत उमटत नाहीत, त्यामुळे उत्तरदात्याने खरे सांगूनही त्याच्या नावावर चूक लागते.