घरगुती रोपवाटिका

घरात, खिडकीत किंवा गॅलरीच्या आडोशाला, शक्यतो काहीही विकत न आणता बियांपासून आणि फांद्यांच्या तुकड्यांपासून रोपे तयार करण्याची पद्धत. युरोप-उत्तर अमेरिकेत ती थंडीमुळे रूढ झाली. बाहेरची जमीन गोठलेली असतानाच टोमॅटो, मिरचीचे बी घरात पेरायचे आणि सहा ते आठ आठवड्यांची रोपे थंडी सरल्यावर बाहेर लावायची, असा तिथला क्रम. महाराष्ट्रात अडचण वेगळी आहे. जून-जुलैचा पाऊस कोवळी रोपे झोडपून मातीला मिळवतो, एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो, मुंग्या बी ओढून नेतात आणि खारी, उंदीर, चिमण्या कोंब खुडतात. त्यामुळे पहिले तीन-चार आठवडे रोप छपराखाली वाढवणे इथेही फायद्याचे ठरते.

हे काम थोड्या पैशांत उत्तम होते, मात्र काटकसर कुठे करायची ते कळले पाहिजे. भांडी, ट्रे, रूटिंग पावडर (काडीला मुळे फुटवणारी पूड) यांवर एक पैसाही न घालता भागते. ताजे बी, भुसभुशीत माध्यम (रोप वाढवायचे मातीचे मिश्रण) आणि भरपूर उजेड या तीन बाबतींत मात्र तडजोड चालत नाही. सर्वांत जास्त रोपे उजेडाअभावी वाया जातात, आणि तो तर फुकट मिळतो.

महाराष्ट्रातल्या घरांना बी घरात रुजवण्याची ओळख नवरात्रातल्या घटस्थापनेमुळे आहे. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली काळी माती पसरून तीत गहू, ज्वारी अशी धान्ये पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घट पाझरत राहतो, त्यामुळे वरून फारसे पाणी न घालताही माती ओलसर राहते. कोणते धान्य किती जोमाने आले यावरून शेतकरी बियाण्याची पारखही करत आले आहेत. देवघरातल्या मंद उजेडात हे कोंब पिवळे, उंच आणि लुसलुशीत येतात. पूजेत त्यांचे कौतुक होते, दसऱ्याला ते टोपीत, कानावर खोवले जातात. रोपवाटिकेत मात्र असाच पिवळा, उंच कोंब दिसला तर रोप उजेडाला भुकेले आहे असे समजावे. अंधारात हरितद्रव्य तयार होत नाही आणि रोप जवळचा सगळा साठा उजेड शोधत खोड लांबवण्यात घालवते. गव्हाच्या दाण्यात हा साठा बराच असतो म्हणून नऊ दिवस निभावतात; टोमॅटोच्या किंवा तुळशीच्या बारीक बियांत तो अगदीच थोडा असतो.

कृषी विभागही दर खरिपापूर्वी सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची अशीच परीक्षा घ्यायला सांगतो. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळी करायची, ती ओलसर ठेवायची आणि साधारण आठवड्याने निरोगी कोंब मोजायचे. ७० किंवा अधिक आले तर बियाणे पेरण्याजोगे. कुंडीपुरत्या बियांसाठी वीस दाणे आणि ओला रुमाल पुरतो. जुने पाकीट हाती लागल्यावर ही तपासणी केली की महिनाभराची वाट पाहणे वाचते. कांद्याचे बी वर्षभरातच मंदावते, तर टोमॅटो-वांग्याचे बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षे टिकते.

स्वयंपाकघरातले बरेचसे बी पेरता येते. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. धन्याचा एक दाणा म्हणजे एक फळ असून त्यात दोन बिया असतात, म्हणून धने लाटण्याखाली हलके रगडून, दोन फाका करून पेरतात. भाजलेले किंवा फार जुने धने रुजत नाहीत. सुक्या लाल मिरचीतले बी पिकलेले असल्याने बहुधा उगवते, हिरव्या मिरचीतले कच्चे राहते. टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो. गर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवून बी धुतले की तो जातो. पपईच्या बियांवरही असेच आवरण असते, ते राखेत चोळून काढतात. बाजारी टोमॅटो बहुधा संकरित असतो, त्यामुळे त्याच्या बियांची झाडे एकसारखी येत नाहीत. गावरान वाणाचे बी मात्र वर्षानुवर्षे आपल्या गुणाला धरून राहते आणि खऱ्या अर्थाने पैसे वाचवते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी जपून गावोगावी पोचवली. या कामासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली.

भांडी : दुधाची पिशवी तळाशी भोके पाडून वापरली की उत्तम रोपपिशवी होते. दह्याचे डबे आणि डोळ्याला भोक पाडलेली करवंटीही चालते. अंड्यांचा लगद्याचा ट्रे दिसायला सोयीचा, पण तो पाणी शोषून लवकर कोरडा पडतो आणि मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात रोपे सुकवतो. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून कपासकट रोप जमिनीत लावू नये. भांडे कोणतेही असो, तळाला भोक हवेच.

माध्यम : नुसती बागेतली माती डब्यात घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. पोयट्याची माती, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अथवा जाडसर वाळू समप्रमाणात मिसळली की बहुतेक रोपांना चालते. कोकोपीट पाणी धरते, पण त्यात अन्नद्रव्ये जवळपास नसतात आणि क्षार असू शकतात, म्हणून ते दोन-तीनदा धुऊन घ्यावे. अर्धवट कुजलेले शेणखत घरात आणणे म्हणजे माश्या आणि हुमणी घरात आणणे. ओलावा किती हवा, हे शेतकऱ्यांच्या वाफसा या शब्दात आलेले आहे: मूठ दाबली की गोळा व्हावा, बोट लावले की फुटावा, पाणी मात्र गळू नये. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरतात. तुळशीसारखे बारीक बी नुसते वर भुरभुरून दाबतात.

टोमॅटोचे बी २० ते ३० अंश तापमानात पाच ते आठ दिवसांत उगवते. आधी मातीला बारीक तडा जातो. मग वर येते ते खोडाचे वाकलेले कोपर. शेंडा अजून मातीतच असतो. खोड सरळ होताना बीजदलांची (बीतच असलेल्या पहिल्या पानांची) जोडी बाहेर ओढून काढते, त्यामुळे कोवळा शेंडा मातीत घासत नाही. कधी टरफल बीजदलांच्या टोकाला चिकटून राहते. ते कोरडेच ओढले तर दले तुटतात. त्यावर पाण्याचा थेंब ठेवून थोड्या वेळाने ते अलगद सोडवावे. खरी पाने त्यानंतर येतात, आणि अशी दोन पाने आली की दाट रोपांची विरळणी करतात.

घरात रोपे मरण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे रोप कोलमडणे. संध्याकाळी टवटवीत असलेली रोपे सकाळी आडवी होतात. उचलून पाहिले तर मातीलगतचे खोड तपकिरी आणि बारीक झालेले दिसते, वरची पाने मात्र अजून हिरवीच असतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरशीवर्गीय रोगकारकांचे हे काम. दाट पेरणी, कोंदट हवा आणि सतत ओली माती यांमुळे हा रोग फैलावतो. एकदा कोलमडलेले रोप वाचत नाही. त्याच्या आसपासची मातीसुद्धा काढून टाकावी. विरळ पेरावे, डब्यावर झाकण असेल तर ते दिवसातून एकदा उघडावे आणि पाणी सकाळी, शक्यतो भांड्याच्या तळातून द्यावे. पेरण्याआधी माध्यमावर उकळते पाणी ओतून ते निथळू दिले तर धोका बराच कमी होतो. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रियाही, म्हणजे पेरण्याआधी ती बियांना चोळणेही, उपयोगी पडते.

उजेड : उगवण दिसताच डबा खिडकीशी न्यावा, दोन दिवसांचा उशीरही रोपांना किडकिडीत करतो. सकाळचे ऊन देणारी पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात उन्हाने भरते, पण मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीलाही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून नेमक्या पावसाळी पेरणीच्या वेळी तिच्यात थेट ऊन येत नाही. डब्यामागे चंदेरी कागद उभा केला आणि डबा रोज अर्धा फिरवला की एका बाजूला कलणे थांबते. ऊन पोचतच नसेल तर महागडे जांभळे दिवे घेण्याची गरज नाही. २० वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर उंचीवर दिवसाला १४ तास चालवली तर पालेभाज्यांच्या आणि टोमॅटोच्या रोपांचे काम भागते. वीज पाव युनिटपेक्षा थोडीशीच जास्त लागते.

फाटे कलम : फांदीचा तुकडा लावून नवे झाड करणे म्हणजे फाटे कलम, बोलीत काडी लावणे. पुरंदरच्या अंजिराची झाडे, द्राक्षबागांतली डॉगरिज जातीची खुंटरोपे (ज्यांवर द्राक्षाचे कलम बांधतात ती रोपे) आणि उसाची एक डोळा रोपे ही सगळी याच तत्त्वावर तयार होतात. फांदीच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्झिन हे संजीवक (वाढीचे नियमन करणारे द्रव्य) खाली उतरते, कापाजवळ साठते आणि तिथे नवी मुळे फुटतात. ते वनस्पतीतून वेगळे करण्याचे काम डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२० च्या दशकात केले. बाजारातल्या रूटिंग पावडरीत बहुधा आयबीए हे याच गटातले संजीवक असते.

जास्वंद, मोगरा, जुई यांची पेन्सिलीएवढी, ना फार कोवळी ना फार जून अशी काडी घ्यावी. तिला तीन-चार डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. त्यामुळे काडी उलटी लावण्याची चूक टळते, कारण उलट्या काडीला मुळे नीट धरत नाहीत. खालची पाने काढावीत, वरची अर्धी कापावीत. मुळे नसताना पाने पाणी उडवत राहतात, आणि बहुतेक काड्या त्यानेच सुकतात. म्हणूनच आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत एरवी हट्टी असलेली काडीही जगते. इतर महिन्यांत तळ कापलेली पाण्याची बाटली काडीवर उपडी घातली की तशीच हवा मिळते. तिच्यावर थेट ऊन मात्र पडू देऊ नये. नवे पान फुटले म्हणजे मूळ धरले असे नव्हे, काडीतल्या साठ्यावरही पान फुटते. हलकेच ओढल्यावर काडीने प्रतिकार केला तरच मुळे आली समजावे.

मध, दालचिनी, कोरफड यांना रूटिंग पावडरीचा पर्याय म्हणून फार मानले जाते. त्यांनी थोडीफार बुरशी रोखली जाईल, पण आयबीएची जागा ती घेत नाहीत. बटाट्यात गुलाबाची काडी खोचण्याची युक्ती तर टाळावीच. बटाटा कुजतो आणि काडीलाही कुजवतो. गावठी गुलाब साध्या वाळूमिश्रित मातीत लागतो, पुष्पगुच्छातल्या दांड्यांना मात्र क्वचितच मुळे फुटतात.

पुदिना, तुळस, कोलियस, मनी प्लांट यांना नुसत्या पाण्यात मुळे येतात. पेर पाण्यात बुडालेले हवे, पाने बाहेर. मुळे दोन-तीन बोटे लांब झाली की मातीत हलवावे. पाण्यात वाढलेली मुळे फार लांबली तर मातीशी जुळवून घ्यायला वेळ लावतात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे आणि भांडे आतून घासावे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ते डास ही वाढ साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत पुरी होते आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. पावसाळ्यात महापालिका मनी प्लांटच्या बाटल्यांबद्दल बजावतात ते यामुळेच.

घरात वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवले तर पाने पांढरी पडून करपतात. आठ-दहा दिवस पाणी थोडे तोडून, पहिल्यांदा तासभर आणि मग वाढत्या वेळाने ऊन दाखवून त्याला कणखर करतात. पुनर्लागवड संध्याकाळी करावी. टोमॅटोचे रोप बीजदलांपर्यंत खोल लावले तर खोडाला नवी मुळे फुटतात, त्यामुळे थोडे उंच गेलेले रोपही सावरते.

परदेशातल्या मराठी घरांत खिडकीतली मेथी, मिरची आणि कढीपत्ता यांना मोठे स्थान आहे. कढीपत्त्याचे बी फळ पिकल्यावर गर धुऊन लगेच पेरावे लागते, वाळून पडले तर काही आठवड्यांत निकामी होते. काडीपासून तो सहजी लागत नाही, मुळालगतचे फुटवे मात्र लागतात. थंडीत तो पाने झाडतो. अशा वेळी पाणी कमी करून थांबावे, बहुतेक झाडे वसंतात पुन्हा फुटतात. भारतातून त्याची रोपे किंवा ताजी पाने नेऊ नयेत: लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावर वाढते आणि अमेरिकेत त्याच्या आयातीवर त्यामुळेच निर्बंध आहेत. तिकडे स्थानिक रोपवाटिकेतून किंवा शेजारच्या घरातून मिळालेला फुटवा लावणेच योग्य.