हे किंवा ते: युनियन टाइपच्या बंधनामागचा इतिहास

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला की गट क्रमांकाच्या रकान्याशीच अडायला होते. एकाची बाग एकाच गटात असते, तिथे '११८/२अ' एवढी एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, पुरते. दुसऱ्याची तीन गटांत विभागलेली असते, तिथे यादी लागते. हा रकाना 'स्ट्रिंग किंवा स्ट्रिंगांची यादी' असा जाहीर करायचा आणि तिसरे काहीही आले तर ऑब्जेक्टनेच, म्हणजे ती नोंद सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या घटकानेच, ते नाकारायचे, याला युनियन टाइपचे बंधन म्हणतात (टाइप म्हणजे मूल्याचा प्रकार).

नाशिकमध्ये मी ज्या नव्या प्रोग्रॅमरांना शिकवतो, त्यांना युनियन हा शब्द सी भाषेमुळे ठाऊक असतो आणि तिथेच गोंधळ होतो. सीच्या युनियनमध्ये एकाच जागेत वेगवेगळ्या प्रकारची मूल्ये आलटून पालटून ठेवता येतात, पण आत्ता तिथे काय आहे हे प्रोग्रॅमरनेच लक्षात ठेवायचे असते. त्याआधीच्या अल्गोल ६८ या भाषेत मात्र मूल्याचा खरा प्रकार त्याच्यासोबतच राहत असे आणि तो तपासल्याशिवाय मूल्य हाती लागत नसे. पास्कल या भाषेने १९७० मध्ये मधली वाट धरली: रेकॉर्डमध्ये, म्हणजे नोंदीत, प्रकार सांगणारे फील्ड (रकाना) ठेवता येई, पण ते गाळण्याचीही मुभा होती.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड परंपरा ऑस्लो येथे घडलेल्या सिम्युला ६७ या भाषेपासून वेगळ्या दिशेने गेली. 'हे किंवा ते' म्हणायचे असेल तर दोघांना एक सामाईक पूर्वज-क्लास द्यावा (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट ज्यावरून घडतात तो साचा), असे तिचे उत्तर होते. दोन्ही क्लास आपल्या हातात असतील तर ते उत्तम चालते. पण ते दुसऱ्याच्या लायब्ररीतून आलेले असतील तर त्यांना मागाहून नवा पूर्वज कुठून देणार? सगळ्यांच्या मुळाशी असलेला क्लास बंधन म्हणून लिहिला, तर कशालाच मज्जाव उरत नाही. नेमक्या याच अडचणीवर २००६ मध्ये इगाराशी आणि नागिरा या जपानी संशोधकांनी युनियन टाइप सुचवले.

पर्ल या भाषेसाठीची मूस ही ऑब्जेक्ट प्रणालीही त्याच वर्षी आली. पर्ल ५ च्या ऑब्जेक्टांना आपल्या रकान्यांत काय येते याची मुळीच चौकशी नव्हती, शिवाय साधी स्ट्रिंग हा तिथे ऑब्जेक्टच नाही, त्यामुळे सामाईक पूर्वजाचा मार्ग आधीच बंद होता. मूसमध्ये अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे ऑब्जेक्टचा रकाना, जाहीर करताना दोन टाइपांच्या नावांमध्ये उभी रेघ दिली की युनियन तयार होते आणि मूल्य भरले जाताना, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, ती तपासली जाते.

पुढे ही उभी रेघ टाइपस्क्रिप्टमध्ये २०१५ साली, पीएचपी ८ मध्ये २०२० साली आणि पायथन ३.१० मध्ये २०२१ साली आली. खूण तीच असली तरी राखण सारखी नाही: टाइपस्क्रिप्ट कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधीच, अडवते, पीएचपी चालताना अडवते, तर पायथन स्वतः काहीच अडवत नाही, ते काम तपासणी करणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे असते.

मूसच्या दस्तऐवजांत मात्र एक सल्ला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो: युनियन लिहिण्यापूर्वी, आलेले मूल्य एकाच रूपात बदलून घेता येईल का ते पाहावे. गट क्रमांकाचा रकाना फक्त यादीचाच ठेवला आणि एकटी स्ट्रिंग आली की तिची एका नोंदीची यादी करून घेतली, तर पुढे पावती छापणाऱ्या प्रत्येक मेथडला '११८/२अ' ही स्ट्रिंग आहे की यादी, हे विचारावे लागत नाही.