आयर्लंडला येणारी अमेरिकेची पत्रं आणि त्यातले पैसे

1848 साली उत्तर अमेरिकेतल्या आयरिश लोकांनी घरी साधारण 4,60,000 पौंड पाठवले आणि 1854 मध्ये हाच आकडा 17 लाखांच्या वर गेला. हे फक्त ब्रिटिश सरकारच्या स्थलांतर खात्याला बँका नि जहाज कंपन्यांकडून कळलेलं, ओळखीच्या माणसाच्या हाती दिलेले पैसे यात धरलेलेच नाहीत. आणि पाठवणारे कोण, तर चार-पाच वर्षांपूर्वी उपाशीपोटी जहाजात चढलेली माणसं!

1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि गरीब कुळांचं सगळं जेवणच बटाट्यावर होतं, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत साधारण 10 लाख लोक भुकेनं आणि तापाच्या साथींनी मेले आणि त्याहून जास्त देश सोडून गेले. 1841 च्या जनगणनेत 81 लाखांवर असलेली लोकसंख्या 1851 ला 65 लाखांवर आली. पण दुष्काळ संपला तरी जाणं थांबलं नाही, कारण दुष्काळाआधी वाटण्या करून जमिनीचे तुकडे पाडायचे ते आता लोकांनी बंद केलं, शेती एका मुलाला, हुंडा एका मुलीला, बाकीच्यांनी बोट पकडायची. जाणाऱ्यासाठी आदल्या रात्री घरात जागरण असायचं, गाणी, नाच, रडारड सगळं, अगदी मयताच्या घरी बसतात तसं, कारण परत येणारे फार थोडे.

आता या पैशाचं एक बघा, तो सहसा सुटा यायचा नाही, पत्राबरोबर यायचा. अमेरिकेत डॉलर भरायचे, पौंडाचा ड्राफ्ट घ्यायचा (आपली हुंडीच म्हणा) आणि पत्रात घालून पोस्टात टाकायचा. न्यूयॉर्कची आयरिश एमिग्रंट सोसायटी (तिथे आलेल्या आयरिश लोकांना मदत करणारी संस्था) असे ड्राफ्ट विकायची, तिच्याच लोकांनी तिथले कॅथलिक आर्चबिशप जॉन ह्यूज यांच्या पाठबळावर 1850 मध्ये एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक काढली. खातेदारांपैकी कितीतरी जणांना सही येत नव्हती, मग बँक ओळख पटवायला विचारायची की गाव कुठलं, आईबाप कोण, भावंडं किती, कुठल्या जहाजानं आलास, आणि ते सगळं वहीत लिहून ठेवायची. त्या वह्या टिकल्यात, आणि आज पूर्वज शोधणाऱ्यांना त्या म्हणजे घबाडच.

पत्र पोचलं की ते एकट्यानं वाचायची चीज नव्हती. 1841 मध्ये पाच वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे मास्तर किंवा पाद्री वाचून दाखवणार आणि शेजारीपाजारी ऐकणार. मग अशा पत्रात कोण लिहिणार की काम सुटलंय, दारू वाढलीये, खोलीत आठ जण झोपतोय? कोणाचं लग्न झालं, कोणाला बाळ झालं, गावचा अमुक इथे भेटला, असंच जास्त. माझं मत असं की पैसे जितके नियमित, तितकी खरी हालहवाल कमी, कारण पैसे पाठवणाऱ्याला आपलं बरं चाललंय असं दाखवणं भागच होतं.

आलेल्या पैशातून जमीनदाराचा खंड जायचा, दुकानदाराची उधारी फिटायची, म्हणजे ज्या जमिनीवर पोट भरेना म्हणून पोरगी गेली त्याच जमिनीचा खंड ती बोस्टनहून भरत होती. पोरगी म्हणतोय ते मुद्दाम. आयर्लंडमधून एकट्या, बिनलग्नाच्या मुली इतक्या संख्येनं जायच्या की युरोपातल्या इतर देशांत असं फारसं दिसत नाही, आणि त्यातल्या बहुतेक घरकामाला लागायच्या, राहणं-खाणं मालकाकडे त्यामुळे पगार बराचसा शिल्लक. त्यातून पुढच्या बहिणीचं तिकीट तिथेच काढून पत्रात पाठवायचं, मग ती आली की दोघींनी मिळून भावाचं.

काहींची पत्रं मात्र बंद व्हायची. बोस्टनच्या ‘पायलट’ वर्तमानपत्रात 1831 पासून 1921 पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती येत होत्या, नवरा रेल्वेच्या कामावर गेला तो शेवटचा कुठे दिसला, असला मजकूर.

विसाव्या शतकात दिशा बदलली, लोक इंग्लंडला जायला लागले. 1950 च्या दशकात साधारण चार लाख माणसं बाहेर पडली, पुरुष बांधकामावर, मुली नर्सिंगला, आणि घरी यायचं ते रजिस्टर पाकीट नाहीतर तारेची मनीऑर्डर. 1961 मध्ये असे साधारण 1 कोटी 35 लाख पौंड आले, आणि त्या वर्षी आयरिश सरकारचा प्राथमिक नि माध्यमिक शिक्षणावरचा खर्च होता साधारण 1 कोटी 40 लाख. म्हणजे जवळजवळ सगळ्या शाळांच्या खर्चाइतकी रक्कम पाकिटांतून येत होती, आणि त्याच शाळांतून शिकलेली पोरं पुढे बोटीत बसत होती, याला काय म्हणायचं!

त्या पिढीतले बरेच पुरुष लग्न न करता लंडन-बर्मिंगहॅमच्या भाड्याच्या खोल्यांत म्हातारे झाले, बांधकामावर रोख मजुरी घेतलेली त्यामुळे पेन्शनचीही बोंब. 2002 मध्ये आयरिश सरकारनं देश सोडून गेलेल्यांसाठी नेमलेल्या टास्क फोर्सचा (समितीचा) अहवाल आला आणि 2004 पासून डब्लिनहून परदेशातल्या अशा आयरिश लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दरवर्षी अनुदान जातं.