ट्रोपोनिनच्या मॉडेलमधले आकडे आले कुठून?

ठाण्यात छातीत दुखतं म्हणून कुणाला इमर्जन्सीत नेलं की ईसीजीपाठोपाठ ‘ट्रॉप’साठी रक्त घेतात. हृदयाच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं, एवढं आता नातेवाइकांनाही ठाऊक असतं. पेशी धडधाकट असताना हे प्रथिन काय काम करतं, ते मात्र रिपोर्टात येत नाही. कॅल्शियम आलं की स्नायू आकसायला मोकळा करायचा आणि कॅल्शियम गेलं की रोखायचा, हे त्याचं काम. हे रोखणं किती पक्कं आणि सोडणं किती जलद, याचे आकडे काढायला शास्त्रज्ञांच्या काही पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

नेरूळ-बेलापूरकडे बायोटेक शिकणारी काही मुलं शनिवारी ठाण्याला येतात आणि आम्ही मिळून छापील आलेखांवरून हेच आकडे संगणकावर काढतो. ॲक्टिन आणि मायोसिन ही स्नायू आकसवणारी दोन मुख्य प्रथिनं सहसा सशाच्या स्नायूतून काढतात. त्यासाठी प्राणीप्रयोग समितीची परवानगी लागते आणि महागडी यंत्रं लागतात. गणिताला लॅपटॉप पुरतो. मुलांना सूत्रं येतात, कोडही येतो. पण ही सूत्रं कुठल्या भांडणातून जन्मली हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि मग फिटिंगमधून, म्हणजे सूत्राची रेघ आलेखावर बसवताना, बाहेर पडलेला प्रत्येक आकडा त्यांना मोजलेला वाटतो. तो मोजलेला नसतो. तो अनुमानाने काढलेला असतो. ही पार्श्वभूमी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिली आहे.

कॅल्शियमचा सुगावा लागला लंडनमध्ये. सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडतं ठेवत होते. १८८३ मध्ये त्यांनी लिहिलं की आधीच्या प्रयोगांतलं द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलंच नव्हतं, ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर ठोके क्षीण होत गेले आणि कॅल्शियम घातल्यावर पुन्हा जोम आला. पण कॅल्शियम नेमकं कुणाला जाऊन चिकटतं, हे कळायला आणखी ऐंशी वर्षं लागली. मधल्या काळात हंगेरीत सेगेडला स्ट्राउब यांनी ॲक्टिन वेगळं केलं, केनेथ बेली यांनी १९४६ मध्ये ॲक्टिनच्या तंतूवर लांबट पसरणाऱ्या ट्रोपोमायोसिनची नोंद केली, आणि १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंधांनी दाखवलं की स्नायू आकसतो तेव्हा मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे पातळ तंतू एकमेकांवरून सरकतात.

जपानच्या सेत्सुरो एबाशी यांचा तर्क मला आजही फार आवडतो. जेमतेम साफ केलेल्या स्नायूप्रथिनांना कॅल्शियम लागतं. तीच ॲक्टिन-मायोसिन नीट शुद्ध केली की ती कॅल्शियमला जुमानत नाहीत. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी धुऊन जात असणार. ते ‘काहीतरी’ त्यांनी शोधून काढलं आणि १९६५ मध्ये अयाको कोदामा यांच्यासह त्याला ट्रोपोनिन हे नाव दिलं. १९७१ मध्ये ग्रीझर आणि गेर्गेली यांनी त्याचे तीन भाग वेगळे केले: कॅल्शियम धरणारा सी, अडवून धरणारा आय आणि ट्रोपोमायोसिनला जोडलेला टी. आपल्याकडच्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात टी किंवा आय असतो, सी कधी नसतो. कारण हृदयातला सी आणि हातापायांच्या संथ स्नायूंतला सी एकच आहे. तो रक्तात सापडला तर हृदयाचाच असं म्हणता येत नाही.

हे झालं पात्रांचं. आकड्यांची परंपरा वेगळीकडून येते. १९३८ मध्ये ए. व्ही. हिल यांनी बेडकाच्या स्नायूचं बल, वेग आणि उष्णता यांचं नातं मांडलं. अँड्र्यू हक्सली यांनी १९५७ मध्ये उलट बाजूने सुरुवात केली. मायोसिन ॲक्टिनला एका दराने धरतं आणि दुसऱ्या दराने सोडतं, दोन्ही दर जागेनुसार बदलतात, एवढंच गृहीत धरून हिल यांचा आलेख निघतो का, हे त्यांनी पाहिलं. निघाला. धरण्याच्या दरासाठी त्यांनी सेकंदाला ४३.३, सोडण्याच्या दोन दरांसाठी १० आणि २०९ असे आकडे घेतले. यातला एकही आकडा कुणी थेट मोजलेला नव्हता. आलेख जुळावा म्हणून ते निवडले होते, आणि हक्सलींनी ते लपवलंही नाही. आज आपण करतो त्या फिटिंगची सुरुवात मी तिथे धरतो.

थेट मोजायचं तर दोन द्रावणं क्षणात मिसळून पुढचे काही हजारांश सेकंद टिपावे लागतात. केंब्रिजच्या हार्टरिज आणि रफ्टन यांनी १९२३ मध्ये हिमोग्लोबिनवर हे करून दाखवलं, पण त्यांना भरपूर द्रावण लागे. ब्रिटन चान्स यांनी १९४० च्या सुमारास प्रवाह एकदम थांबवून थोडक्या द्रावणात तेच साधलं. हाच ‘स्टॉप्ड-फ्लो’. अशाच जलद मिश्रणाच्या पद्धतींनी १९७१ मध्ये लिम्न आणि टेलर यांनी मायोसिन एटीपी हे पेशीचं इंधन कसं तोडतं आणि त्या दरम्यान ॲक्टिनला कधी सोडतं-धरतं, याचं चक्र मांडलं. पुढे ॲक्टिनला पायरीन नावाचा चमकणारा रेणू जोडायची युक्ती निघाली. मायोसिन चिकटलं की पायरीनची चमक मंदावते. पडद्यावर खाली उतरत जाणारी एक रेघ दिसते आणि तिच्या उताराचा वेग म्हणजे चिकटण्याचा वेग.

खरं भांडण नियमनाचं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्ष-किरणांच्या चित्रांवरून मत बनलं की ट्रोपोमायोसिन मायोसिनच्या जागेवर आडवं पडतं आणि कॅल्शियम आलं की बाजूला सरकतं. १९८१-८२ मध्ये चालोविच आणि आयझेनबर्ग यांनी मोजलं तर कॅल्शियम नसतानाही एटीपीसह असलेलं मायोसिन जवळपास तितकंच चिकटत होतं. मंदावला होता तो पुढचा टप्पा. टेरेल हिल, आयझेनबर्ग आणि ग्रीन यांनी १९८० मध्ये दोन अवस्थांचं मॉडेल दिलं होतं, त्यात शेजारचे भाग एकमेकांना ओढतात. मॅककिलॉप आणि गीव्ह्‌ज यांनी १९९३ मध्ये तीन अवस्था मांडल्या: ब्लॉक्ड, क्लोज्ड, ओपन. एका ट्रोपोमायोसिनखाली सात ॲक्टिन. ब्लॉक्डमध्ये मायोसिनला जागाच नाही, क्लोज्डमध्ये सैल चिकटता येतं, ओपनमध्ये घट्ट. ब्लॉक्ड-क्लोज्डच्या समतोलाचा स्थिरांक के-बी, क्लोज्ड-ओपनचा के-टी. १९९७ मध्ये व्हिबर्ट, क्रेग आणि लेहमन यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांत ट्रोपोमायोसिनच्या तीन जागा दिसल्या, तेव्हा या मॉडेलला बळ आलं.

आता मुलांना जिथे अडतं तिथे येऊ. ॲक्टिन भरपूर आणि मायोसिन थोडं घेतलं, तर चिकटण्याचा वेग के-बी भागिले (१ + के-बी) या प्रमाणात घटतो. कॅल्शियम नसताना वेग पूर्ण मोकळ्या, म्हणजे कुणी न रोखलेल्या, वेगाच्या साधारण २३ टक्के दिसला, की के-बी ०.३ निघतो. इथे आकडा घट्ट पकडता येतो. कॅल्शियम असताना मात्र के-बी १० असेल तर हे प्रमाण ०.९१ येतं आणि १०० असेल तर ०.९९. स्थिरांक दसपट बदलला तरी रेघ जेमतेम हलते, आणि प्रयोगातली चूक सहज तेवढी असते. संगणक तरीही मुकाट्याने ‘३७.४’ असा काहीतरी आकडा छापतो. सुरुवातीचा अंदाज बदलून पाहा, तो ६२ छापेल आणि रेघ तितकीच सुंदर बसेल. के-टीचं तर याच प्रयोगात नावही निघत नाही: के-टीही धरणाऱ्या पूर्ण सूत्रात ०.०२ चा ०.०४ केला तर प्रमाण ०.२३४ वरून ०.२३८ वर जातं. के-टी हवा असेल तर मायोसिन हळूहळू वाढवत जाऊन समतोलाचा आलेख घ्यावा लागतो. तो आधी रेंगाळतो, मग झपकन चढतो, आणि त्या वळणात के-टी दडलेला असतो.

ठाणे स्टेशन ते कासारवडवली किती वेळ लागला हे कळलं, म्हणून कापूरबावडीला किती अडकलो आणि मानपाड्याला किती, हे कळत नाही. एका रेघेतून मोकळा वेग आणि के-बीचं प्रमाण यांचा गुणाकार कळतो, गुणक वेगळे होत नाहीत. ते वेगळे करायला ट्रोपोनिन नसलेल्या नुसत्या ॲक्टिनवर तोच प्रयोग करून मोकळा वेग आधी ठरवावा लागतो.

गणिताच्या बाजूनेही हे दुखणं जुनं आहे. लेव्हनबर्ग यांनी १९४४ मध्ये आणि मार्क्वार्ट यांनी १९६३ मध्ये सुचवलेली दमित लघुतम वर्गांची (डॅम्प्ड लीस्ट स्क्वेअर्स) फिटिंगची पद्धत अशा ठिकाणी उत्तर भरकटू देत नाही. पण न भरकटणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, हे समजून घ्यायला इथे बराच काळ गेला. २०१० मध्ये मिजाइलोविच, गीव्ह्‌ज आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत तीन अवस्थांच्या मॉडेलला लावली आणि उत्तर एकमेव आहे का, कुठला स्थिरांक विदेतून खरोखर वेगळा होतो आणि कुठला दुसऱ्यात मिसळलेला राहतो, हे तपासलं. माझ्या मते या विषयातला तो सर्वांत प्रामाणिक टप्पा आहे, आणि अभ्यासक्रमात तो सर्वांत कमी शिकवला जातो. मॉडेलंही तोवर पुढे गेली होती. २००३ मध्ये स्मिथ आणि गीव्ह्‌ज यांनी सात-सातचे सुटे तुकडे सोडून ट्रोपोमायोसिनला एक सलग लवचिक साखळी मानलं.

हे सगळं इतक्या बारकाईने करायचं कारण रोग. १९९४ मध्ये कळलं की ट्रोपोनिन-टी आणि ट्रोपोमायोसिनच्या जनुकांतले दोष हृदयाचा स्नायू जाड करणारा आनुवंशिक आजार आणतात. आपल्या उपखंडात जाड तंतूंतल्या मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन-सीच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा सुमारे ४ टक्के लोकांत गहाळ असतो; हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवलं. अशा बदलांनी नियमन किती सैल होतं हे ठरवताना निरोगी प्रथिनाचा के-बी ०.३ आणि बदललेल्याचा ०.५ निघाला, तर फरक आजाराचा की फिटिंगचा, हा प्रश्न टाळता येत नाही. दोन्ही आकड्यांची मर्यादा लिहिली नसेल तर त्या तुलनेला अर्थ नाही.

म्हणून शनिवारच्या गटात आता कॅल्शियम असलेली, नसलेली आणि समतोलाची अशा तिन्ही रेघा एकत्रच बसवायच्या, प्रत्येक फिट वेगवेगळ्या अंदाजांपासून पुन्हा सुरू करायची, आणि कॅल्शियमसह के-बीच्या रकान्यात ‘१० पेक्षा मोठा’ एवढंच लिहायचं, असं ठरलं आहे.