उबवणी केंद्र, सागरी कासवांचे (कोकण)

ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी किनाऱ्यावरून हलवून कुंपणाआड पुरण्याची व पिल्ले निघेपर्यंत राखण्याची जागा. गावात सरसकट ‘हॅचरी’. कोकणातील संघटित काम सर्वसाधारणपणे २००२ पासूनचे मानतात. त्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळास (ता. मंडणगड) येथे सुरुवात केली. पुढे आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी इ. ठिकाणी वन विभाग व गावचे कासवमित्र यांनी ते चालविले. मूळ हेतू कोल्हे, कुत्रे आणि अंडीचोर यांच्यापासून राखण हाच होता. तापमानाचा विचार मागाहून आला.

विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. एका घरट्यात १०० ते १२० अंडी असतात. खड्डा मादीने केला तसाच, सुरईच्या आकाराचा खणतात : तोंड अरुंद, बूड रुंद, खोली सु. ४५ सेंमी. अंडी घातल्यापासून काही तासांतच हलवावी लागतात. गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटला, की अंडे उलटे होताच तो मरतो. चूक मात्र कळते ती ४५ ते ६० दिवसांनी, घरटे उकरल्यावर. दरवर्षी त्याच वाळूत पुरल्यास बुरशी धरते, म्हणून जागा बदलणे वा वाळू नवी घालणे इष्ट.

कासवांत लिंग गुणसूत्रांवर नव्हे, तर उबवणीच्या मधल्या तृतीयांश काळातील तापमानावर ठरते. वाळू गार असेल तर नर अधिक, तापली तर माद्या. समसमान प्रमाणाचे तापमान बहुधा २९° से. धरतात, काही अभ्यासक रिडलेसाठी ते ३१° से. पर्यंत नेतात. ठिकाणागणिक फरक पडत असल्याने एकच आकडा सगळ्या किनाऱ्यांना लावू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सु. ३५° से. च्या पुढे गर्भच दगावू लागतात. फेब्रुवारी-मार्चमधील घरट्यांना हा धोका अधिक, म्हणून त्यांवर सावलीची जाळी टाकतात. पाणी शिंपडणे हा दुसरा उपाय. पण वाळू चिंब झाल्यास अंड्यांना हवा मिळत नाही. सगळीच घरटी सावलीत नेली, तर उलट नरांचीच भर होईल. पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नसल्याने ताळा घेण्यास वाळूत पुरलेला तापमापकच उरतो.

धोरणात राष्ट्रीय वन्यजीव कृती आराखड्याने (२०१७–३१) हवामान बदलाची स्वतंत्र दखल घेतली. सागरी कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ही कासवे आहेत, तर त्यांच्या विणीच्या जागा किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडतात. शक्य तेथे घरटे जागच्या जागी राखावे, हलविणे हा शेवटचा उपाय, असा अलीकडचा कल आहे व तो रास्त दिसतो. परंतु त्यासाठी भरतीरेषेच्या वर कोरडी वाळू लागते. धूप थांबविण्यासाठी घातलेले दगडी बंधारे आणि किनाऱ्यालगत दाट लावलेली सुरूची झाडे हीच पट्टी अडवितात. बंधाऱ्याशी पोचलेली मादी पुष्कळदा अंडी न घालताच परतते.